ठिणगी थोडी पुढे

आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली आहे. ड्रायव्हरशेजारची सीट उचलली की ते दिसतं, आणि त्या सीटवर मी बसते. त्यामुळे गाडीचं काही बिघडलं की ते आधी माझ्या कमरेला कळतं. त्या सोमवारी संध्याकाळी पापनाशमहून दुसरं इंजिन घालून निघालो, तेव्हा गाव संपायच्या आतच मला कळलं की हे बरोबर नाही. गाडी उभी असली की हिव भरलेल्या माणसासारखी थरथरायची. चालू लागली की थरथर कमी व्हायची, पण चढ आला की कुणी मागून धरून ठेवल्यासारखी अडायची, आणि मागच्या नळीतून फट् फट् असा आवाज यायचा.

मी ह्यांच्याकडे बघितलं. थरथर ह्यांना हातांतून कळत असणार. फट् फट् मात्र कळत नव्हतं.

ह्यांच्या कानांनी गेल्या तीन वर्षांत हळूहळू काम सोडलं. यंत्र आणलं होतं, पण ते कानात घातलं की सगळ्यात मोठं इंजिनच ऐकू येतं म्हणून ते कपाटात गेलं. समोर बसून बोललं तर ओठांवरून समजतं, तेही माझ्या ओठांवरून आणि आमच्या घरच्या मराठीत. तमिळ ह्यांची माझ्याहून चांगली. जन्म इथला, तंजावरचा, धंदा इथला. पण दुसऱ्याच्या मिशीखालची तमिळ ह्यांना आता वाचता येत नाही, आणि फोन तर नाहीच नाही. म्हणून फोन मी घेते. तिकडून तमिळ ऐकते, ह्यांच्याकडे तोंड करून मराठीत सांगते, हे मराठीत बोलतात ते तिकडे तमिळमध्ये सांगते. ज्या बाईला परक्या माणसापुढे घशाला कोरड पडते, पाहुणे आले की जी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, तिच्या वाट्याला हे काम आलं. मी चौथीपर्यंत शिकले, तीही तमिळ शाळेत. देवनागरी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, घरी पंचांगावरून शिकवली. आता आमच्या घरात ती फक्त मी वाचते, म्हणून हे इथे लिहून ठेवायला भीती वाटत नाही.

आमचा धंदा केळीच्या पानांचा. तिरुवैयारूच्या एका बागेतून पानं घ्यायची आणि तंजावरात एका कल्याण मंडपात पोचवायची. मंडपम म्हणजे लग्नाचा हॉल. लग्नाला शेंड्याचं पान लागतं, टोकासकट, न फाटलेलं. त्याचे कट्टु, म्हणजे गठ्ठे, बांधायचे, वर ओलं गोणपाट टाकायचं, आणि ऊन वारा लागायच्या आत आणायचं. अकरा वर्षं आम्ही हेच केलं.

त्याच्या आदल्या महिन्यात जुनं इंजिन वाटेतच जॅम झालं. कट्टु दुसऱ्या गाडीत चढवून आणेपर्यंत दीड तास गेला. आम्ही मंडपात पोचलो तेव्हा पंगत बसलेली होती आणि पुढ्यात पान नव्हतं. मोठमोठी माणसं, म्हातारी माणसं, मांडीवर हात ठेवून रिकाम्या जागेकडे बघत बसलेली. वाढपी सांबाराच्या बादल्या घेऊन भिंतीला टेकले होते. मग मॅनेजरनी दुकानातून कागदाची पानं आणवली, हिरवी, केळीच्या पानाचं चित्र छापलेली. ती मांडताना मी खांबामागे उभी होते. मला अजून ते छापलेलं हिरवं डोळे मिटले की दिसतं.

त्या दिवशी मॅनेजरनी ह्यांना बाहेर बोलावून सांगितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, अकरा वर्षांकडे बघून आणखी एक मुहूर्त देतो. त्या दिवशी पानं उशिरा आली तर मंडपाकडे पुन्हा यायचं नाही, नवी गाडी घेतलेला एकजण रोज विचारायला येतो. हे माझ्याकडे बघत होते. मी ह्यांना म्हटलं, "पुढल्या वेळेला जरा सांभाळून आणा म्हणतात."

एवढंच सांगितलं. ह्यांचा चेहरा त्या दिवशी असा झाला होता की उरलेलं माझ्या तोंडातून निघालं नाही. उद्या सांगेन म्हटलं, आणि तो उद्या आला नाही. म्हणून त्या सोमवारी गाडी थरथरत होती तेव्हा तिच्यात दोन माणसं बसली होती, आणि शुक्रवारचा मुहूर्त शेवटचा आहे हे त्यांतल्या एकीलाच ठाऊक होतं. लग्न शुक्रवारी सकाळी, पण आदल्या संध्याकाळचं जेवणही आमच्याच पानांवर. म्हणजे गुरुवारी पाच वाजता पानं मंडपात हवीत.

इंजिन बदलणारे मेकॅनिक पापनाशमला असतात. वयानं ह्यांच्याएवढे, हात चांगला. मागून चेपलेल्या एका व्हॅनचं इंजिन त्यांनी आमच्या गाडीत बसवलं, पण मंगळवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. निघताना म्हणाले होते, आज टायमिंग अंदाजानं लावलंय, एक दिवस चालवा, कशी चालते ते फोन करून सांगा, फोनवर सांगितलं तरी ह्यांना जमेल.

टायमिंग म्हणजे काय ते ह्यांनी मला लग्नानंतर पहिल्या वर्षी समजावलं होतं, कारण मी विचारलं होतं. उखळात दोघी मिळून कांडतात तेव्हा एकीचं मुसळ वर जाताना दुसरीचं खाली येतं. एक जरा उशिरा आली तर मुसळावर मुसळ आदळतं. इंजिनातही दट्ट्या वर पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडायला हवी. ती ठिणगी कधी पडायची ते एका गोल भांड्यावर ठरतं, डिस्ट्रिब्युटर म्हणतात त्याला, वर टोपी आणि टोपीतून पाच वायरी निघालेल्या, चार प्लगांना आणि एक कॉइलला. खालचा एक बोल्ट दहा नंबरच्या पान्यानं सैल केला की ते भांडं हातानं थोडं इकडे किंवा तिकडे फिरतं. एका बाजूला फिरवलं की ठिणगी लवकर, दुसऱ्या बाजूला फिरवलं की उशिरा. बोटभर नव्हे, तांदळाच्या दाण्याएवढं फिरवायचं.

मंगळवारी सकाळी ह्यांनी आधी बाकीचं सगळं बघितलं. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासले. पेट्रोलचा फिल्टर फुंकून बघितला. टोपीच्या वायरी क्रमानं आहेत का ते मला मोठ्यानं म्हणायला लावून तपासलं: एक, तीन, चार, दोन. मला तो क्रम पाढ्यासारखा पाठ आहे. सगळं बरोबर होतं. गाडी तशीच थरथरत होती. बस स्टँडजवळच्या मेकॅनिकला दाखवली. त्यानं सीट उचलून बघितलं आणि म्हणाला, आम्ही आता कंप्युटर जोडून बघतो, हिला तो जोडायला जागाच नाही. वाईट बोलला नाही बिचारा. चहा पण विचारला.

संध्याकाळी पापनाशमला फोन केला. मेकॅनिक घरी आले होते, डोळ्यावर पट्टी. त्यांच्या मुलीनं फोन त्यांच्या कानाला धरला. मी सगळं सांगितलं: थरथर, चढावर अडणं, फट् फट्. त्यांनी एका क्षणात सांगितलं.

"स्पार्क कोंजम मुन्नाडि वै, अम्मा. कोंजम."

स्पार्क म्हणजे ठिणगी, वै म्हणजे ठेव, कोंजम म्हणजे थोडं. मुन्नाडि म्हणजे पुढे. घराच्या मुन्नाडि कोलम, म्हणजे रांगोळी, काढतात, देवळाच्या मुन्नाडि चपला सोडतात. मी ह्यांच्याकडे वळले. हे सीट उचलून, गुडघे टेकून, पाना हातात घेऊन वाट बघत होते.

"ठिणगी थोडी पुढे घ्या म्हणतात."

"पुढे?" ह्यांनी विचारलं. "आत्ता पडते त्याच्या पुढे?"

"हो. थोडीच."

ह्यांनी भांड्यावर आणि खालच्या लोखंडावर खडूनं एक रेघ मारली, बोल्ट सैल केला, आणि ती रेघ दाण्याएवढी तुटली. गाडी चालू केली. थरथर वाढली असं मला वाटलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली, नीट नाही. हे म्हणाले, थंड आहे, उद्या गरम झाल्यावर बघू.

बुधवारी सकाळी गाडी गरम केली. थरथर होतीच, आणि आता पाय दाबला तरी गाडी ऐकत नव्हती. मी पुन्हा फोन केला. मेकॅनिकनी विचारलं, फिरवलं का? मी म्हटलं, फिरवलं, पण आणखी बिघडलं. मग ते म्हणाले, अजून मुन्नाडि पाहिजे असेल, घाबरू नका, अजून थोडं.

मी ह्यांना म्हटलं, "अजून पुढे."

ह्यांच्या कपाळावर आठी आली. "अजून? माझ्या मनात येतंय की मागे घ्यायला हवी. विचार त्यांना, मागे घेऊ का."

मी विचारलं. मागे म्हणजे पिन्नाडि. मी म्हटलं, हे विचारतात, पिन्नाडि घेऊ का? तिकडून मेकॅनिक इतक्या जोरात नाही नाही म्हणाले की मी फोन कानापासून लांब धरला. पिन्नाडि घेतली तर इंजिन तापून जाईल, रेडिएटर उकळेल, अजिबात नको.

"मागे अजिबात नको म्हणतात," मी सांगितलं. "इंजिन जाईल."

हे म्हणाले, "डोळ्याच्या औषधानं त्यांना गुंगी आली असेल." पण पाना लावला. दोन मुलखांतली दोन माणसं एकाच गोष्टीवर भांडावीत आणि मधल्या माणसाला दोघांची बाजू खरी वाटावी, असं मला होत होतं. खडूच्या रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून अजून लांब गेले.

दुपारी गाडी वडवारू नदीच्या पुलापर्यंत नेली. पुलाच्या चढावर मागच्या नळीतून मोठा धडाका झाला. सायकलवरचा एक म्हातारा उतरून उभा राहिला. ह्यांना तो धडाका छातीत जाणवला असावा, कारण ह्यांनी माझ्याकडे न बघता गाडी बाजूला घेतली. माझ्या सीटखालून धग येत होती, लुगड्यातून चटका बसेल इतकी. सीट उचलली तर वाफ. मेकॅनिक म्हणाले होते मागे घेतली तर रेडिएटर उकळेल. आम्ही तर पुढे घेतली होती आणि तो उकळत होता. मला हे त्याच वेळी कळायला हवं होतं. पण भीती वाटत असली की माझं डोकं एकाच ठिकाणी फिरत राहतं. मी फक्त पंगत बघत होते, आणि छापलेलं हिरवं पान.

पुलाखालून बादलीनं पाणी आणून ओतलं. तासाभरानं हळूहळू घरी आलो. हे जेवले नाहीत. म्हणाले, "उद्या दुसरी गाडी सांगू. एक दिवस पानं भाड्याच्या गाडीतून गेली म्हणून काय होणार आहे?"

काय होणार आहे ते मला ठाऊक होतं. भाड्याची गाडी मंडपाच्या दारात बघून मॅनेजर म्हणणार, म्हणजे ह्यांची गाडी अजून दुरुस्त नाहीच. आणि तसंही मुहूर्ताचे दिवस, गावात एकही रिकामी गाडी मिळेना. मी तीन ठिकाणी फोन केला. प्रत्येक फोनच्या आधी मी काय बोलायचं ते दोनदा मनात म्हणत होते. तिन्ही ठिकाणी नाही म्हणाले.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास हे पुन्हा गुडघे टेकून भांड्याकडे बघत होते. हात लावत नव्हते, नुसते बघत होते. आणि माझा फोन वाजला. मंडपाचे मॅनेजर. त्यांनी सांगितलं की मुलाकडचे लोक लवकर येताहेत, संध्याकाळचं जेवण लवकर होणार, पानं पाचला नकोत, दोन तास मुन्नाडि पाहिजेत, तीनला.

मी ह्यांच्या खांद्याला हात लावला. हे वळले.

"मंडपातून आहे," मी म्हटलं. "पानं तीनला पाहिजेत म्हणतात. दोन तास आधी."

ह्यांनी मान हलवली. मी फोनमध्ये बरं म्हटलं आणि ठेवला. आणि मग मला माझाच शब्द ऐकू आला. ते म्हणाले मुन्नाडि. मी म्हटलं आधी. काही विचार न करता, कुणी न शिकवता, मी आधी म्हटलं, कारण मराठीत दोन तास पुढे म्हटलं असतं तर पानं सातला गेली असती.

मी पायरीवर बसले. हातात फोन तसाच. घराच्या मुन्नाडि म्हणजे घराच्या पुढे, हे खरं. पण वेळेत मुन्नाडि म्हणजे आधी. आणि आपण वेळेत पुढे म्हणतो म्हणजे नंतर. पुढे काय झालं, पुढच्या महिन्यात, पुढे बघू. आणि मागे म्हणजे पूर्वी. मागे एकदा. तमिळमध्ये पिन्नाडि म्हणजे नंतर. सगळं उलटं. जागा सारखी, वेळ उलटी. मेकॅनिक दोन दिवस सांगत होते ठिणगी आधी पाडा, आणि मी दोन दिवस ह्यांना सांगत होते उशिरा पाडा. ह्यांनी विचारलं मागे घेऊ का, म्हणजे आधी पाडू का, आणि ते बरोबर होतं. मी ते तिकडे नेऊन उशिरा पाडू का असं विचारलं आणि नाही घेऊन परत आले. चाळीस वर्षं मी दोन्ही भाषा बोलते. भाजीवाल्याशी, डॉक्टरशी, देवळात कधी चूक झाली नाही, कारण तिथे जागा तरी दिसते नाहीतर घड्याळ तरी. ठिणगी दिसत नाही.

सांगावं लागणार होतं. मी सहा सात वेळा तोंड उघडून मिटलं असेल. हे म्हणाले, "काय? अजून काय म्हणाले?"

मी समोर जाऊन बसले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी. सांगितलं. मुन्नाडि, पुढे, आधी, मागे. एकदा सांगून कळलं नाही, दुसऱ्यांदा हातानं दाखवलं. हे माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग भांड्याकडे बघितलं, खडूच्या रेघांकडे. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होते.

"आपले पूर्वज घोड्यांवरून आले ते बरं," हे म्हणाले. "व्हॅन घेऊन आले असते तर अजून वाटेतच असते."

"हसू नका."

"मग काय करू? माझं बरोबर होतं की. मी मागे म्हणत होतो. तुझ्या तोंडावर विश्वास ठेवला हे चुकलं."

थट्टेनंच म्हणाले. पण ते माझ्या आत असं लागलं की दुसरं पण बाहेर आलं. मी म्हटलं, मी ते एकदाच चुकवलं नाही. त्या दिवशी मंडपात मॅनेजर काय बोलले ते मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. आणि मग जसंच्या तसं सांगितलं, अकरा वर्षं, एक मुहूर्त, नवी गाडीवाला. ह्यांचं हसू गेलं. पान्याचं तोंड अंगठ्यानं पुसत होते.

"म्हणजे आज," हे म्हणाले.

"आज."

"आणि हे तुला महिनाभर माहीत."

मी मान हलवली. हे वळले आणि गुडघे टेकले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ती पाठ मला अजून आठवते.

मी पापनाशमला फोन केला. ह्या वेळी मनात काही म्हणून बघितलं नाही. मेकॅनिकना सांगितलं की माझ्या सांगण्यात चूक झाली, आम्ही उलटं फिरवलं. त्यांना काही कळलं नाही म्हणून ते विचारत राहिले, मग कळल्यावर म्हणाले, अम्मा, डोळा माझा बांधलाय, तुमचा नाही. मग त्यांनी पुढचं सांगितलं, आणि मी प्रत्येक वाक्य थांबवून विचारून घेतलं, म्हणजे लवकर ना? म्हणजे उशिरा ना? शेवटी ते पण लवकर आणि उशिरा असंच बोलायला लागले. रेघा जिथून सुरू झाल्या तिथे परत आणा, तिथून अजून लवकर घ्या, थरथर जाईपर्यंत. मग चढावर न्या. फार लवकर झाली तर चढावर पाय दाबला की आतून खडखडेल, डब्यात चिंचोके हलवल्यासारखं. तसं आलं तर केसभर उशिरा. पण ऐकायला हवं, म्हणाले, कान हवा.

ह्यांनी बोल्ट सैल केला आणि गाडी चालू ठेवून भांडं फिरवायला लागले. डोळे माझ्या तोंडावर. मी सीटच्या कडेला हात ठेवून ऐकत होते. रेघ पहिल्या खुणेशी आली, थरथर होती. पुढे गेली... पलीकडे गेली म्हणते, हा शब्द मला आता वापरवत नाही. थोडं अजून. मग एकाएकी आवाज भरला. चार मुसळं चार उखळांत बरोबर पडावीत तसा. माझ्या तळव्याखालची थरथर गेली. मी हात वर केला. ह्यांनी बोल्ट आवळला.

वडवारूच्या पुलावर गाडी चढली. पण अर्ध्यावर, ह्यांनी पाय दाबल्यावर, माझ्या खालून ते आलं, बारीक, कोरडं, चिंचोक्यांचं. ह्यांना काहीच कळलं नव्हतं. चेहऱ्यावर नुसता आनंद, गाडी चढतेय म्हणून. अकरा वाजून गेले होते. बागेत जाऊन, कट्टु चढवून, परत येऊन तीनला पोचायचं. मी गप्प बसले असते तर आम्ही तशीच गेलो असतो आणि कदाचित पोचलोही असतो. मी ह्यांच्या दंडावर हात मारला.

"खडखडतंय."

"थोडं चालेल ना?"

मला चालेल म्हणायचं होतं. "माहीत नाही," मी म्हटलं. "पण खडखडतंय."

उतारावर थांबलो. मी उतरले, सीट उचलली, ह्यांनी ठिणगी केसभर उशिरा घेतली. पुन्हा पुलावर. थोडं आलं. पुन्हा केसभर. तिसऱ्या खेपेला आलं नाही, किंवा इतकं कमी आलं की मला खात्री देता येईना. वेळ संपत होता. मी म्हटलं, आता जाऊ.

तिरुवैयारूच्या वाटेवर नद्या बऱ्याच आणि प्रत्येकीला पूल. प्रत्येक पुलाच्या आधी माझे दात आवळले जायचे. बागेत कट्टु तयार होते. बागवान काहीतरी विचारत होता, मी ऐकलंच नाही. परत येताना गाडी भरलेली, म्हणून चढ अवघड. ओल्या गोणपाटाचा आणि चिकाचा वास गाडीत भरला होता. मी डावा हात सीटच्या पत्र्यावर ठेवून, मान खाली घालून, पूर्ण वाट ऐकत बसले. हे दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायची, ठीक. एकदा काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, तापत नाहीये. काटा मध्यावर होता.

तीनला दहा कमी असताना मंडपात पोचलो. वाढपी कट्टु उतरवायला आले. मॅनेजर दारात उभे होते. त्यांनी एक कट्टु सोडून वरची दोन पानं उलटीपालटी करून बघितली, घड्याळ बघितलं, आणि ह्यांच्याशी बोलायला लागले. हे माझ्याकडे बघत होते. मॅनेजर बोलत होते ते फार चांगलं नव्हतं आणि फार वाईटही नव्हतं. पानं चांगली आहेत, वेळेवर आली, म्हणाले. पण त्या दुसऱ्या माणसाला मी शब्द देऊन बसलोय. येणाऱ्या मुहूर्तांपैकी अर्धे तुम्हाला, अर्धे त्याला. एक वर्ष बघू.

मी ह्यांच्याकडे तोंड केलं आणि सांगितलं. पानं चांगली. वेळेवर. अर्धे मुहूर्त आपल्याला, अर्धे त्याला. एक वर्ष.

"अर्धे?"

"अर्धे."

"एवढंच म्हणाले?"

"एवढंच. एक शब्द कमी नाही."

ह्यांनी मॅनेजरना हात जोडले. मॅनेजरनी पण जोडले आणि आत गेले. आतून सांबाराचा वास येत होता आणि पंगतीची पट्टी अंथरण्याचा आवाज.

परत निघालो. गाडी रिकामी, हलकी चालत होती. हे म्हणाले, "अर्धे मुहूर्त म्हणजे हिलाही अर्धा वेळ विश्रांती." मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं. मग विचारलं, "कशी चालतेय?"

चांगली म्हणणं सोपं होतं. पण लहानशा चढावर, तिसऱ्या गियरमध्ये, मला खाली काहीतरी लागलं होतं, अगदी बारीक.

"चढावर जरा येतंय," मी म्हटलं. "आहे की नाही सांगता येत नाही, पण येतंय."

ह्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला चिंचेखाली घेतली, बंद केली, आणि पाना काढला.

"ऊठ," म्हणाले.